चपळगावकर, नरेंद्र पुरुषोत्तम

(१४ जुलै १९३८ – २५ जानेवारी २०२५). वकील, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि मराठी चरित्रकार. जन्म बीडचा. वडील पुरुषोत्तमराव हैदराबाद मुक्तिलढ्यात होते. मराठी आणि कायदा असे दोन्ही विषय शिकून काही काळ त्यांनी लातूरला मराठीचे अध्यापन केले, मग बीडला वकिली.

त्या काळी लातूरकडच्या किल्लारीच्या शेतकऱ्याला उच्च न्यायालयात अपील करायचे तर मुंबई गाठावी लागे. निजामाच्या अमलात तेच हेलपाटे हैदराबादला, आणि कामकाज उर्दूत. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ बसवण्याचा हुकूम निघाला. उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला; सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये उचलून धरला. तेव्हा कुठे लातूर-नांदेडच्या पक्षकारांना हायकोर्ट आवाक्यात आले. पुढे चपळगावकर १९९० ते १९९९ या काळात याच उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते.

निकालपत्रांपेक्षा मराठी वाचक त्यांना पुस्तकांतून ओळखतो. ‘तीन न्यायमूर्ती आणि त्यांचा काळ’ हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेलंग, रानडे आणि चंदावरकर यांच्यावरचे पुस्तक. १८९३ मध्ये तेलंग वारले, त्यांच्या जागी रानडे आले. १९०१ मध्ये रानडे गेले, त्यांच्या जागी चंदावरकर. इंग्रजी राज्यातल्या न्यायासनावर बसून समाजसुधारणा कितपत करता येते, हा प्रश्न स्वतः न्यायमूर्ती राहिलेल्या माणसाने विचारावा, यात वेगळे वजन आहे. वसमत भागातून हैदराबादला जाऊन वकील आणि पुढे तिथल्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले केशवराव कोरटकर यांचेही चरित्र त्यांनी लिहिले. मुंबई-पुण्याच्या इतिहासलेखनात कोरटकरांना क्वचितच जागा मिळते, म्हणून हे चरित्र जास्त मोलाचे.

‘कर्मयोगी संन्यासी’ हे हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र. किल्लारीच्याच टापूतल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामीजी मुख्याध्यापक होते. याखेरीज ‘संस्थानी माणसं’, ‘कायदा आणि माणूस’, ‘गांधी आणि संविधान’ ही पुस्तके. लेखन संथ, शांत. विशेषणांची उधळण नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्धा येथे भरलेल्या ९६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा त्यांनी तिथे ठामपणे मांडला.