बावखलाकाठचा शेजारी

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांना साप नवा नाही. केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, भाताची शेते आणि बागायतीला पाणी पुरविणारी बावखले यांच्या संगतीने तो येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. बावखलात पाणदिवड, पेंढ्यात धामण, बांधाच्या बिळात नाग, पाल्यापाचोळ्यात घोणस आणि रात्री भक्ष्याच्या शोधात घरात शिरणारी मण्यार, अशी ही वस्ती. नवे आहे ते तिच्याभोवतीचे जग. १९९० साली या परिसरासाठी सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, २००९ साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. शेते भरावाखाली गेली, कित्येक बावखले बुजली. साप मात्र गेला नाही. उंदीर तेथे साप, हा निसर्गाचा नियम आहे, आणि उंदरांची सोय आपल्या कचऱ्याच्या ढिगांनी उत्तम केली आहे.

म्हणून आजही इमारतीच्या जिन्याखाली साप निघाला की ‘मारा’ अशी एक हाक उठते. कुणाला दंश झाला, तर ‘मुळी द्या, मंत्र घाला’ अशी दुसरी. या दोन्ही हाकांना जुना इतिहास आहे आणि त्या इतिहासाने आपला निवाडाही दिलेला आहे. तो आमच्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिल्या हाकेचा निवाडा आपल्याच कोकणात लागला. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांच्या दंशाने माणसे मरत, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज सरकारने मारलेल्या फुरशामागे बक्षीस देऊ केले. त्या काळच्या नोंदी थक्क करणाऱ्या आहेत. सहा वर्षे दरसाल सरासरी दोन लाखांहून अधिक फुरशी मारली गेली. १८६२ च्या डिसेंबरात तर अवघ्या आठ दिवसांत लाखाहून अधिक. एवढा संहार होऊनही फुरसे काही संपले नाही. कोकणच्या कातळावर ते आजही आहे. ज्या जमिनीत त्याला भक्ष्य व आसरा मिळतो, तेथे मारलेल्याची जागा दुसरा घेतो. सरकारी खजिना आणि हजारो हात जे करू शकले नाहीत, ते आपल्या दारातली एक काठी कशी करणार?

दुसऱ्या हाकेचा निवाडा मुंबईत परळला लागला, आणि त्यात आपल्या धर्मसभेच्या एका संन्यस्त सुपुत्राचा वाटा आहे. परळच्या जुन्या गव्हर्नर निवासाची वास्तू मूळची येशूसंघीयांची. अठराव्या शतकाच्या आरंभी ती कंपनीच्या ताब्यात गेली. १८९९ साली डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तेथे आली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच वास्तूत पुढे एक येशूसंघीय संशोधक म्हणून परतला. ते फादर जे. एफ. कायस. डॉ. के. एस. म्हसकर यांच्या जोडीने त्यांनी एक चिकाटीचे काम हाती घेतले. सर्पदंशावर उतारा म्हणून देशभर सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती आणि शंभराहून अधिक मिश्रणे त्यांनी प्रयोगाने तपासली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष रोखठोक होता: यांपैकी एकही औषध विष उतरवीत नाही.

हे दोघे देशी औषधांचे वैरी नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील विख्यात ग्रंथाची सुधारित आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांत फादर ब्लॅटर यांच्यासह हे दोघेही होते. ज्यांनी झाडपाल्याचे गुण आयुष्यभर वेचले, त्यांनीच सर्पदंशाच्या बाबतीत ‘नाही’ म्हटले. म्हणून त्या नकाराचे मोल अधिक.

मग मुळीने माणसे बरी झालेली लोकांनी पाहिली, ती कशी? आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. अशा दंशातून वाचलेल्या माणसाचे श्रेय मुळीला मिळते. खरा विषारी दंश झालेला मात्र त्या मुळीच्या भरवशावर वेळ गमावतो. मण्यारीचा दंश तर फारसा दुखतही नाही, सूज येत नाही. झोपेत दंश झालेल्या माणसाच्या पापण्या जड होऊ लागतात, आणि घरच्यांना वाटते, झोप आली असेल.

खरा उतारा एकच, प्रतिविषाची लस. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ती तयार करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर ती एकत्रित चालते. ती उपलब्ध असूनही, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य ग्रामीण भागातली, आणि अनेकांचा मृत्यू रुग्णालयाबाहेर, घरीच झाला. औषध होते, पण माणूस त्याच्यापर्यंत पोहोचला नाही.

सापाविषयी आमच्या मनात एक जुनी अढी आहे, हेही मान्य केले पाहिजे. एदेन बागेतला सर्प आणि पवित्र मातेच्या पायाखालचा सर्प आपण लहानपणापासून पाहतो. पण ती सैतानाची प्रतिमा आहे, बांधावरल्या धामणीचे वर्णन नव्हे. त्याच पवित्र शास्त्रात मोशेने वाळवंटात उंचावलेला पितळी सर्प जीवदान देणारा आहे, आणि प्रभूने शिष्यांना सापाचे चातुर्य अंगी बाणविण्यास सांगितले आहे. धामण शेतातले उंदीर खाते. तिला सैतान समजून ठेचणारा शेतकरी आपल्याच कणगीचे नुकसान करतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले. १९८६ साली पुण्याजवळ कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले, आणि हळूहळू ‘सर्पमित्र’ हा शब्द आपल्या बोलीत रुजला. आता साप निघाला तर दुरून लक्ष ठेवावे, मुलांना बाजूला घ्यावे आणि जाणकार सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावे.

पावसाळ्यापूर्वी आपल्या प्रत्येक आळीने चार कामे करावीत, अशी आमची विनंती आहे. घराला लागून असलेला लाकडांचा व विटांचा ढीग हलवावा, कचरा साठू देऊ नये, रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यावी, जमिनीवर झोपणाऱ्यांना खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी द्यावी. पाचवे काम महत्त्वाचे: जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष लस असते, याची चौकशी आधीच करून ठेवावी. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. तो अवयव न हलविता रुग्णाला तडक तेथे न्यावे. फादर कायस आणि डॉ. म्हसकर यांनी प्रयोगशाळेत घालविलेल्या वर्षांचे सार्थक त्या वाचलेल्या तासाभरात आहे.