दोन लॅब, दोन आकडे आणि एक घाईचा निष्कर्ष

वरळी नाक्यापासून प्रभादेवीपर्यंतच्या गॅरेजांत आणि तिकडे कोळीवाड्याच्या धक्क्यावर एक मत सिद्धांतासारखे रुजले आहे: इंजिनातून काढलेले ऑइल तपासायला लॅबला पाठवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. या मताच्या बाजूने जे बोलले जाते ते पोकळ नाही, म्हणून पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. एकाच चेंबरमधले ऑइल दोन बाटल्यांत भरून दोन लॅबना द्या. समजा, एक लोह 46 पीपीएम सांगते आणि दुसरी 57. यांतली खरी कोण? शिवाय अहवालात सगळे रकाने हिरवे असताना महिन्याभरात बेअरिंग गेलेले इंजिन बहुतेक जुन्या मिस्त्रींनी उघडलेले असते. त्यात ही चाचणी पुष्कळदा ऑइल विकणारी कंपनीच करून देते, मग तिच्या सल्ल्यावर भरवसा कसा ठेवायचा? आणि या सगळ्याच्या मुळाशी एक श्रद्धा असते, की उभी हयात इंजिनात घालवलेल्या माणसाला बोटाने आणि नाकाने जे कळते ते यंत्राला कळणार नाही.

यातला पहिला मुद्दा सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत कच्चा. ऑइलमधले धातू मोजण्याची एक सर्वमान्य पद्धत एएसटीएम डी 5185 या क्रमांकाने ओळखली जाते. तीत ऑइल द्रावकात पातळ करून आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात फवारतात. काही हजार अंशांच्या त्या उष्णतेत प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश सोडते आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून प्रमाण काढतात. या पद्धतीच्या दस्तऐवजातच ती कितपत नेमकी आहे याचे सूत्र दिलेले आहे. लोह 50 पीपीएमच्या आसपास असेल, तर एकाच लॅबमध्ये एकाच माणसाने, त्याच यंत्रावर लागोपाठ दोनदा मोजले तरी तीनएक पीपीएमचा फरक पडू शकतो. लॅब बदलली, तर सुमारे बारा पीपीएमचा. वीसपैकी एकोणीस वेळा फरक या मर्यादेच्या आत राहावा, एवढाच त्या पद्धतीचा दावा आहे. म्हणजे 46 आणि 57 हे आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. दोन्ही लॅबनी आपले काम चोख केले तरी हे आकडे असेच येऊ शकतात.

आपल्या नैयायिकांनी अशा हेतूला अनैकांतिक म्हटले असते. ‘आकडे वेगळे आहेत’ हा हेतू प्रामाणिक लॅबच्या बाबतीतही आढळतो आणि बेफिकीर लॅबच्या बाबतीतही. जो दोन्हीकडे आढळतो त्याने काहीच सिद्ध होत नाही. आकड्यांतला फरक त्या पद्धतीच्या मर्यादेबाहेर आहे काय, हा खरा प्रश्न. तो विचारायचा तर ती मर्यादा ठाऊक हवी, आणि इथे माझी लॅबवाल्यांविरुद्धही तक्रार आहे. हाती येणाऱ्या बहुतेक अहवालांत आकडा ठळक असतो. तो किती मागेपुढे होऊ शकतो ते कुठेच नसते. कित्येकदा पद्धतीचे नावही नसते. गॅरेजवाल्याचा गैरसमज या मौनातून वाढला आहे.

पद्धतीचे नाव किती महत्त्वाचे आहे हे टीबीएनच्या रकान्यात दिसते. ज्वलनातून तयार होणारी आम्ले मारण्याची ऑइलमध्ये उरलेली ताकद म्हणजे टीबीएन. ती मोजण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. डी 2896 मध्ये परक्लोरिक आम्ल वापरतात, डी 4739 मध्ये हायड्रोक्लोरिक. पहिलीचा आकडा सहसा जास्त येतो, कारण ते जहाल आम्ल दुर्बळ अल्कलींनाही मोजणीत ओढते. आता डब्यावर छापलेला नव्या ऑइलचा आकडा पहिल्या पद्धतीचा असेल आणि वापरलेल्या ऑइलचा दुसऱ्या पद्धतीचा, तर धड ऑइलही निकामी झाल्यासारखे दिसते. इथे लॅब चुकलेली नसते. दोन वेगळ्या मापांची वजाबाकी करणारा चुकलेला असतो.

मिस्त्रीच्या बोटाबद्दल मला आदर आहे. हेड गॅस्केट फुंकले आहे की नाही हे आवाजावरून सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. पण ऑइलचा दाटपणा बोटाने ओळखता येतो, हा दावा हिशेबात टिकत नाही. डिझेल इंजिनाचे रोजच्या वापरातले 15डब्ल्यू-40 ऑइल 40 अंशांना साधारण 110 सेंटीस्टोक्स असते आणि 100 अंशांना 14 ते 15. नुसत्या तापमानाने सातपटीचा फरक पडतो. उलट डिझेल मिसळून ते पातळ झाले किंवा काजळीने घट्ट झाले, तर पाचएक टक्के बदल विसरून जावा असा आणि वीसएक टक्के बदल धोक्याचा मानतात. नुकतेच बंद केलेले इंजिन आणि रात्रभर उभे असलेले इंजिन यांच्यात सातपट बदलणाऱ्या वस्तूतला वीस टक्क्यांचा फरक कोणत्याही बोटाला कळणार नाही. म्हणूनच लॅबमध्ये ऑइल नेमक्या तापमानाच्या पाण्यात किंवा तेलात बुडवलेल्या काचनळीतून वाहू देतात आणि वेळ मोजतात. त्या तापमानात अंशाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त चढउतार चालत नाही.

रंगाची कथा याहून वाईट आहे. डिझेल इंजिनात नवे ऑइल काही शे किलोमीटरमध्ये काळे होते, आणि ते काळे होणे हे त्याचे काम आहे. काजळीचे मूळ कण वीस-तीस नॅनोमीटरचे असतात. ते एकमेकांना चिकटून गाळ होऊ नये म्हणून ऑइलमधली द्रव्ये त्यांना सुटे ठेवतात. असे सुटे तरंगणारे कणच ऑइल काळे करतात. जे ऑइल डिझेल इंजिनात फार दिवस स्वच्छ दिसते, त्याची काजळी कुठे जाते आहे याची चिंता करावी. मुंबईत याची दुसरी बाजूही आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर इथल्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. सीएनजीत काजळी जवळजवळ नसते, त्यामुळे ऑइल मधाच्या रंगाचे राहते आणि चालक ते निःशंकपणे आणखी चालवतो. पण गॅसच्या ज्वलनात उष्णता जास्त असते, नायट्रोजनची ऑक्साइडे ऑइलशी संयोग पावतात, आणि दिसायला सुंदर असलेले ऑइल आतून घट्ट होत जाते. हा नायट्रेशनचा बदल डोळ्याला दिसत नाही. अवरक्त वर्णपटात तो सरळ दिसतो.

आता दुसरा आक्षेप, की अहवाल चांगला असताना इंजिन गेले. हे घडते, आणि ते मान्य करूनच पुढे जावे लागेल. या चाचणीचा उगम रेल्वेतला आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने 1946 साली डिझेल इंजिनांचे ऑइल वर्णपटमापकाखाली घालून धातू मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे 1962 पासून अॅल्को बनावटीची डब्ल्यूडीएम-2 इंजिने आली आणि डिझेल शेडला जोडून प्रयोगशाळा असणे ही रीतच झाली. रेल्वेचे इंजिन हळूहळू झिजते, त्याचे ऑइल ठरावीक काळाने तपासले जाते, प्रत्येक इंजिनाची नोंद ठेवली जाते. अशा झिजेतून बारीक कण सुटतात आणि ते वर्णपटमापकाला नीट दिसतात. मात्र कण पाच ते दहा मायक्रॉनच्या वर गेला की तो प्लाझ्मापर्यंत धडपणे पोहोचत नाही किंवा पूर्ण जळत नाही. बेअरिंगचे कवच सोलून निघते तेव्हा सुटणारे तुकडे याच्या कितीतरी पट मोठे असतात. म्हणजे सर्वांत घातक झीज या यंत्राला सर्वांत कमी दिसते.

धूर तिथे अग्नी, हे खरे. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणता येत नाही. त्यासाठी न्यायशास्त्राच्या परंपरेने तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देऊन ठेवले आहे: तिथे अग्नी आहे, धूर नाही. ऑइलमधले लोह वाढले तर झीज आहे, हे अनुमान बरेच भक्कम आहे. लोह वाढले नाही म्हणून झीज नाही, हे अनुमानच नव्हे. पण लॅबने तसे म्हटलेलेच नसते. हिरवा रंग पाहून वाचणारा तसे समजतो. मोठे कण पकडायला वेगळी साधने आहेत. 1970 च्या दशकात व्हर्नन वेस्टकॉट यांनी विकसित केलेली फेरोग्राफी चुंबकाने कण काचेवर ओळीने मांडून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार दाखवते. आणि सर्वांत स्वस्त साधन मिस्त्रीकडे आहेच: चुंबक लावलेला ड्रेन बोल्ट आणि कापून उलगडलेला ऑइल फिल्टर. इथे मिस्त्री जे पाहतो ते वर्णपटमापक खरोखरच पाहू शकत नाही. म्हणून लॅब की मिस्त्री हा वादच चुकीचा मांडलेला आहे. दोघे कणांच्या वेगवेगळ्या आकारांवर नजर ठेवून असतात.

माझ्या मते चाचणीची विश्वसनीयता सर्वांत जास्त ढासळते ती बाटली भरताना, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. कोळीवाड्याच्या धक्क्यावर लागलेल्या बोटीचा विचार करा. नमुना म्हणून पाण्याची रिकामी बाटली घेतली, नळाखाली विसळली, ओल्या हाताने झाकण लावले. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 10.8 ग्रॅम सोडियम असते. त्याचा एक थेंब शंभर मिलिलीटरच्या नमुन्यात पडला, तर अहवालात सोडियम सहाएक पीपीएमने वाढते. तीन-चार थेंबांत वीसच्या वर. तेवढे पाहून लॅबचा माणूस लिहितो, ‘शीतकाची गळती संभवते, तपासा.’ नाखवा हेड उघडतो, काही सापडत नाही, आणि लॅब बदनाम होते.

तरीही बोटीच्या इंजिनात सोडियम हीच सर्वांत मोलाची नोंद आहे. बंदिस्त शीतकाला गार करायला खारे पाणी फिरवणाऱ्या इंजिनात खारे पाणी ऑइलपर्यंत पोहोचले, तर इंजिनाच्या उष्णतेने पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. पाण्याची चाचणी कोरडी आली तरी सोडियम साक्ष देते. पण ते सोडियम नक्की कशाचे? शीतकातल्या गंजरोधक द्रव्याचे असेल, तर सोबत पोटॅशियम, बोरॉन किंवा सिलिकॉन यांपैकी काही दिसावे. समुद्राचे असेल, तर साधारण आठास एक या प्रमाणात मॅग्नेशियम दिसावे. पण ऑइलच्या स्वच्छक द्रव्यातच मॅग्नेशियम असेल, तर ही खूण त्यात बुडून जाते. काही ऑइलांत सोडियम मुळातच असते. सिलिकॉन दिसले तर एअर फिल्टरमधून गेलेली धूळ, नुकताच लावलेला गॅस्केटचा सीलंट आणि ऑइलमधले फेसरोधक, असे तीन दावेदार उभे राहतात. यांच्यात निवाडा करायचा तर त्याच डब्यातल्या कोऱ्या ऑइलचा नमुना एकदा तरी तपासलेला हवा. तो जवळजवळ कोणीच पाठवत नाही.

बाटलीसोबतचा कागदही तसाच कोरा जातो. ऑइल किती तास चालले, मध्ये किती ओतून भर घातली, इंजिन किती जुने, हे रकाने रिकामे. शंभर तासांनंतरचे 40 पीपीएम लोह आणि चारशे तासांनंतरचे 40 पीपीएम यांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे, आणि चेंबरमध्ये दोन लिटर नवे ऑइल ओतले की आकडे आपोआप खाली येतात. इंजिन गरम असताना, धार मध्यावर आल्यावर, कोरड्या स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा, पहिली धार आणि तळाचा गाळ सोडून द्यावा. याला काही खर्च येत नाही.

विक्रेत्या कंपनीच्या लॅबबद्दलचा संशय मला अर्धा पटतो. प्लाझ्माला ऑइलचा ब्रँड कळत नाही; आकडे सहसा सरळ असतात. अहवालाच्या तळाशी असलेला सल्ला मात्र माणूस लिहितो, आणि तिथे सावध राहावे. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या बोधचिन्हाकडेही नुसते पाहून भागत नाही. ती मान्यता संपूर्ण लॅबला सरसकट नसते, ठरावीक चाचण्यांना आणि पद्धतींना असते. आपल्याला हवी असलेली चाचणी त्या यादीत आहे का, हे विचारावे.

गाड्यांचे ताफे सांभाळणाऱ्या कचेऱ्यांतला उलटा अंधविश्वासही तितकाच घातक आहे. तिथे हिरवा, पिवळा, लाल यांपलीकडे कोणी वाचत नाही. हे रंग अनेक जातींच्या इंजिनांच्या सरासरीवरून ठरलेले असतात. ज्या इंजिनात लोह नेहमी 15 असायचे आणि आता 38 झाले, ते हिरव्यातच राहते; ज्यात पहिल्यापासून 70 आहे आणि तिथेच स्थिर आहे, ते पिवळे ठरते. काळजी पहिल्याची करायला हवी. एकाच लॅबकडे, एकाच पद्धतीने, सारख्या अंतराने घेतलेले चार नमुने एका सुट्या नमुन्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात, कारण लॅबची स्वतःची जी कायमची झुकती बाजू असते ती चारही वेळा सारखीच राहते आणि तुलनेत गळून जाते. वेगवेगळ्या लॅबना नमुने देऊन त्यांची परीक्षा घेणारा ग्राहक नेमका हाच फायदा हातचा घालवतो.

खर्चाचा आक्षेप उरतो, आणि छोट्या होडीपुरता तो बरोबर आहे. चार-पाच लिटरच्या चेंबरला लॅबचा अहवाल मागण्यापेक्षा ऑइल वेळेवर बदललेले बरे. मोठ्या इंजिनांच्या बोटींचे तसे नाही. मच्छिमारांना डिझेल सहकारी सोसायट्यांमार्फत मिळते, तेव्हा एका सोसायटीच्या बोटींनी एकाच प्रकारचे ऑइल घ्यावे, कोऱ्या ऑइलचा एक नमुना सामाईक तपासून ठेवावा आणि प्रत्येक बोटीची वही सोसायटीतच असावी. पाण्याची पहिली चाचणी तर तिथल्या तिथे होते: 160 अंशांच्या आसपास तापवलेल्या पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकायचा. हजारात एक भाग पाणी असले तरी तो चुरचुरतो. चुरचुरला, तर त्याच दिवशी इंजिन उघडावे. नाही चुरचुरला, तरी दर हंगामात एकदा सोडियमसाठी बाटली लॅबला पाठवावी, ती मात्र कोरड्या हातांनी भरून.