चौथा पाय

मॉसफेटला पाय चार, पण फळ्यावर आम्ही मास्तर मंडळी तीनच काढायचो: गेट, ड्रेन, सोर्स. चौथा बल्क, म्हणजे ट्रान्झिस्टर ज्या सिलिकॉनमध्ये घडतो ते अंग. तो सोर्सला नाहीतर सप्लायला बांधून टाकायचा आणि विसरायचा, अशीच रीत. फेअरचाइल्डनं १९६८ साली आणलेल्या ७४१ या ऑप-अ‍ॅम्पवर आमची अख्खी लॅब चालायची. अधिक १५, उणे १५, असं ३० व्होल्टचं मैदान. तिथे अर्ध्या व्होल्टचा हिशेब कोण ठेवणार?

तो ठेवला घड्याळवाल्यांनी. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला घड्याळ कारखानदारांनी १९६२ साली इलेक्ट्रॉनिक घड्याळांसाठी संशोधन केंद्र काढलं. बटण-सेल दीडेक व्होल्टचा, आणि त्यावर घड्याळ निदान वर्षभर तरी चालायला हवं! गेट उघडायला लागणारं व्होल्टेज म्हणजे थ्रेशोल्ड; त्याच्या खालीही ट्रान्झिस्टरमधून किंचित करंट वाहतो. बाकीचे त्याला गळती म्हणत. तिथल्या एरिक व्हिट्टोझ आणि फेलरात यांनी १९७७ साली त्याच करंटवर चालणारी अ‍ॅनालॉग सर्किटं मांडली. कमी व्होल्टेजवरच्या अ‍ॅनालॉग सर्किटांचा इतिहास मी तरी तिथूनच सुरू करतो.

बल्कला कामाला लावलं ते पोलंडच्या गुझिन्स्की, बियाल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यानं, १९८७ साली. गंमत म्हणजे त्यांना व्होल्टेज वाचवायचं नव्हतंच. फिल्टरसाठी मंद आणि सरळ रेषेत वागणारा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. बल्कचा करंटवरचा ताबा गेटच्या तुलनेत साधारण पाव ते तिसरा हिस्सा. इतरांना जो दुबळेपणा वाटला असता, तोच त्यांना हवा होता.

पुढे चिपचा सप्लाय ५ वरून ३.३, मग १.८ असा उतरत गेला. थ्रेशोल्ड मात्र त्या वेगानं उतरेना. तो ८०-१०० मिलिव्होल्टनी कमी केला की बंद ट्रान्झिस्टरची गळती दसपट होते; डिजिटलवाल्यांना ते परवडणारं नाही आणि चिपची प्रक्रिया ठरते त्यांच्याच सोयीनं. अ‍ॅनालॉगवाल्याच्या वाट्याला उरली चिंचोळी पट्टी, तीतलाही मोठा तुकडा गेट उघडण्यातच खर्च.

इथे पोलिश युक्ती आठवली. पुढचं दार कायमचं उघडं ठेवायचं आणि पाहुणा मागच्या दारानं आणायचा: गेटला स्थिर व्होल्टेज देऊन चॅनेल आधीच तयार, सिग्नल बल्कवर. मग सिग्नलला थ्रेशोल्ड ओलांडावाच लागत नाही. ब्लालॉक, अ‍ॅलन आणि रिंकोन-मोरा यांनी १९९८ साली साध्या डिजिटल प्रक्रियेतला १ व्होल्टचा ऑप-अ‍ॅम्प मांडला: ३०० मायक्रोवॅट, १.३ मेगाहर्ट्झ, आणि इनपुट-आउटपुट दोन्हीकडे सप्लायची संपूर्ण पट्टी वापरणारा. किंमतही होतीच. नॉइज जास्त, वेग कमी, आणि साध्या एन-वेल प्रक्रियेत ही सोय फक्त पीमॉसला, कारण स्वतंत्र वेल, म्हणजे सिलिकॉनमधला वेगळा कप्पा, त्यालाच मिळते.

धास्ती वेगळीच होती. बल्क आणि सोर्स यांच्यामध्ये डायोड असतो. तो सहा-सात दशांश व्होल्टला पेटला की करंट नको तिथे धावतो, लॅच-अप होऊन चिप जळूही शकते. म्हणून तर बल्क बांधून ठेवायची रीत पडली. पण शौरी चॅटर्जी, त्सिविडिस आणि किंगेट यांनी २००५ साली कोलंबिया विद्यापीठात सप्लायच ०.५ व्होल्टवर आणला. अख्ख्या चिपमध्ये डायोड नीट पेटवण्याइतकं व्होल्टेजच उरलं नाही. वर्षानुवर्षांची भीती गरिबीनंच घालवली.

त्यांनी दोन अ‍ॅम्प्लिफायर केले. सिग्नल बल्कवर घेणाऱ्याला गेन मिळाला ५२ डेसिबल, बँडविड्थ २.५ मेगाहर्ट्झ, खर्च ११० मायक्रोवॅट. गेटवर घेणाऱ्याला ६२ डेसिबल, १० मेगाहर्ट्झ, आणि खर्च अवघा ७५. म्हणजे जिंकलं गेटच. बल्कवेड्यांनी हा आकडा जरा मोठ्यानं वाचावा असं मला वाटतं. मात्र या दुसऱ्या सर्किटमध्येही बल्क रीतीप्रमाणे बांधलेला नव्हता: त्याला किंचित फॉरवर्ड बायस देऊन थ्रेशोल्ड खाली ओढला होता, आणि म्हणूनच अर्ध्या व्होल्टात गेट चालू शकलं.