नर्सच्या टेबलावरचं औषध

आज आपण जो इतिहास पाहणार आहोत, तो एका ओल्या फडक्याचा आहे. विषय थोडा वेगळा वाटेल, पण तुमच्या घरातली किंवा शेजारची एखादी मुलगी नर्स असेल, तर तो तुमचाच आहे.

मी बेंगळुरूत राहतो. इथल्या किदवई संस्थेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९७३ साली सुरू झालेलं हे कर्करोगाचं मोठं सरकारी रुग्णालय. उत्तर कर्नाटकातूनही माणसं इथे उपचाराला येतात. अशा रुग्णालयांत ज्याला आपण ‘केमो’ म्हणतो, त्या औषधांचं मूळ युद्धात आहे. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायू वापरला गेला. त्याच्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एका रुग्णाला दिलं आणि त्याच्या गाठी काही काळ आटल्या. आज सर्रास वापरलं जाणारं सायक्लोफॉस्फामाइड त्याच घराण्यातलं.

ही औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. रुग्ण हा धोका पत्करतो, कारण त्याला बरं व्हायचं असतं. पण औषध भरणारी नर्स आणि फरशी पुसणारी मावशी यांना त्यातून काय मिळतं? काहीच नाही.

हा प्रश्न जगासमोर आला १९७९ साली, फिनलंडमधून. तिथल्या संशोधकांनी ही औषधं हाताळणाऱ्या नर्सच्या लघवीची जिवाणूंवर चाचणी केली. जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवणारे पदार्थ त्या लघवीत सापडले. म्हणजे औषध रुग्णाला दिलं जात होतं आणि त्याचा अंश नर्सच्या शरीरातही जात होता.

त्या काळी अनेक ठिकाणी ही औषधं अशा पेटीत तयार करत, जिच्यातली हवा काम करणाऱ्याच्या तोंडाकडे वाहायची. औषध जंतूंपासून वाचावं, हा त्यामागचा हेतू. माणसाला वाचवायचा विचार नंतर आला. मग हवा वरून खाली नेणाऱ्या पेट्या आल्या, खास हातमोजे आले. आता सगळं ठीक झालं, असं वाटू लागलं.

ते खरं आहे का, हे फडक्याने तपासलं. याला वाइप टेस्ट म्हणतात. टेबलाचा ठरावीक चौकोन मोजून घ्यायचा, द्रावणात भिजवलेल्या फडक्याने पुसायचा, फडकं बंद बाटलीत घालून थंड ठेवायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे औषध फडक्यातून सोडवून घेतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्याचे रेणू ओळखतो. हिशेब नॅनोग्रॅममध्ये होतो. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग.

१९९९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या सहा कर्करोग केंद्रांचा अहवाल आला. औषधं तयार करण्याच्या जागेतल्या ७५ टक्के आणि उपचाराच्या जागेतल्या ६५ टक्के नमुन्यांत औषध सापडलं. या जागा बघायला स्वच्छच होत्या. पुढे तर कारखान्यातून आलेल्या बंद कुप्यांच्या बाहेरच्या अंगालाही औषध लागलेलं आढळलं.

आपल्याकडे हैदराबादच्या संशोधकांनी २००७ साली कर्करोग विभागातल्या नर्सच्या पेशी तपासल्या. ही औषधं न हाताळणाऱ्यांपेक्षा त्यांच्या डीएनएला जास्त इजा झालेली दिसली.

भारतात २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. या औषधांचा कचरा पिवळ्या पिशवीत टाकून १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाळायचा, असं ते सांगतात. नियम चांगला आहे, पण तो कचऱ्यापुरता. टेबलावर, दाराच्या कडीवर काय उरलं, ते मोजा असं तो सांगत नाही. अमेरिकेतलं ‘यूएसपी ८००’ हे मानक निदान दर सहा महिन्यांनी असे नमुने घेण्याची शिफारस करतं. सुरक्षित पातळी कोणती, हे मात्र तेही ठरवून देत नाही. म्हणून एका आकड्याने काम भागत नाही. आधीचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी ठेवावे लागतात. आकडा वाढला, तर कामाच्या पद्धतीत चूक कुठे होते ते शोधायचं.

बेंगळुरूत औषध उद्योगाच्या प्रयोगशाळा आहेत, असे रेणू ओळखणारी यंत्रं आहेत आणि ती चालवणारी माणसंही आहेत. १९७९ साली नर्सच्या शरीरात शिरलेलं औषध शोधावं लागलं होतं. आज ते टेबलावर असतानाच सापडू शकतं. तुमच्या ओळखीत कुणी अशा विभागात काम करत असेल, तर एवढंच विचारा: तुमच्याकडचं टेबल शेवटचं कधी तपासलं होतं?