चषक, लीग आणि परवाना : युरोपीय क्लब-बास्केटबॉलमधील प्रवेशाधिकाराचा इतिहास

युरोपातील पुरुषांच्या क्लब-बास्केटबॉलची सर्वोच्च स्पर्धा आज 'युरोलीग' या नावाने ओळखली जाते. इ. स. १९५८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'युरोपीय विजेत्यांचा चषक' असे होते. एखाद्या संस्थेचे नाव बदलते तेव्हा बहुधा तिच्या अधिकाराचे केंद्रही सरकलेले असते, आणि या स्पर्धेच्या बाबतीत तर प्रत्येक नामांतराबरोबर एकच प्रश्न नव्या रूपाने पुढे आलेला दिसतो : स्पर्धेत प्रवेश मिळण्याचा अधिकार कशाने सिद्ध व्हावा? २०१६ मध्ये अकरा क्लबांना दिलेल्या परवान्यांची दहा वर्षांची मुदत २०२५-२६ च्या हंगामाशी निगडित असल्यामुळे २०२६-२७ च्या हंगामाचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही. त्याची पूर्वपीठिका क्रमाने पाहणे म्हणूनच अवश्य आहे.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फिबा, १९३२ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाला. त्याने १९५८ मध्ये सुरू केलेल्या चषकस्पर्धेचा नियम सरळ होता. प्रत्येक देशाच्या अजिंक्यपदाचा मानकरी असलेला क्लब तीत भाग घेई. गतवर्षीच्या विजेत्यालाही प्रवेश असे. पहिल्या वर्षी अंतिम फेरीत लाटव्हियातील रिगा येथील ए. एस. के. या संघाने बल्गेरियातील सोफियाच्या अकाडेमिक संघाचा पराभव केला. अलेक्झांडर गोमेल्स्की यांच्या मार्गदर्शनाखालील रिगाच्या संघाने पुढील दोन वर्षेही चषक राखला. १९६१ मध्ये मॉस्कोच्या सी. एस. के. ए.ने, १९६२ मध्ये तिबिलिसीच्या दिनामोने व १९६३ मध्ये पुन्हा सी. एस. के. ए.ने तो जिंकला. पहिली सहाही अजिंक्यपदे सोव्हिएत संघांकडे गेली खरी. तथापि ती तीन निरनिराळ्या शहरांत वाटली गेली, आणि त्यांपैकी दोन शहरे रशियाबाहेरची होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

राजकारणाची छाया स्पर्धेवर आरंभापासूनच होती. १९६२ चा दिनामो आणि रेआल माद्रिद यांच्यातील अंतिम सामना तटस्थ भूमीवर, जिनिव्हा येथे, खेळवावा लागला. १९७७ मध्ये माकाबी तेल अवीव व सी. एस. के. ए. यांचा सामना बेल्जियममधील विर्तों या लहानशा गावात झाला. त्याच वर्षी माकाबीने इटलीच्या वारेसे संघाला अवघ्या एका गुणाने हरवून चषक मिळवला. सत्ताधाऱ्यांची परस्परांशी बोलणी बंद असतानाही संघांची गाठ पडत होती, याचे कारण प्रवेशाचा नियम सर्वांना सारखा लागू होता. रिगाच्या वा वारेसेच्या क्लबाला आपले स्थान आपल्या देशातील अजिंक्यपदाने दरवर्षी नव्याने मिळवावे लागे. ते कोणाच्या कृपेवर अवलंबून नव्हते.

१९९१ मध्ये या व्यवस्थेला पहिला तडा गेला. स्पर्धेचे नाव 'युरोपीय लीग' झाले आणि मोठ्या देशांच्या एकाहून अधिक संघांना प्रवेश मिळू लागला. येथे शब्दाचा विचार उद्बोधक ठरतो. 'विजेत्यांचा चषक' या नावातील षष्ठी विभक्ती स्पर्धा कोणाची हे सांगते. 'लीग' या शब्दाचा मूळ अर्थ संघटित मंडळींचा करार वा युती असा आहे. मराठीत आपण तिला 'साखळी' म्हणतो. या शब्दाने सामन्यांचा क्रम कळतो, पण करार कोणी कोणाशी केला हे झाकलेले राहते. युरोपात पुढे जे घडले ते मुख्यतः या झाकलेल्या अर्थाच्या बाजूने घडले.

बदलाचा परिणाम पहिल्याच हंगामात दिसून आला. १९९२ मध्ये इस्तंबूल येथे झालेल्या अंतिम चौघांच्या फेरीत बादालोनाचा जुवेंतुत व माद्रिदचा एस्तुदियांतेस असे दोन स्पॅनिश संघ होते. विजेतेपद मात्र बेलग्रेडच्या पार्टिझानला मिळाले. युगोस्लाव्हियातील युद्धामुळे पार्टिझानने आपले बहुतेक 'घरचे' सामने माद्रिदजवळच्या फुएनलाब्राडा येथे खेळले होते. अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी साशा जॉर्जेविच यांनी तीन गुणांचा फेक साधला व ७१-७० असा विजय मिळाला. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच यांचा तो पहिलाच हंगाम होता. पुढे त्यांच्या नावावर अशी नऊ अजिंक्यपदे जमा झाली.

१९९१ मध्येच स्पेन, इटली व फ्रान्स यांच्या राष्ट्रीय लीगांनी 'युलेब' ही आपली संघटना उभारली होती. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे उत्पन्न वाढत चालले, तसे ते क्लबांच्या हाती असावे ही मागणी बळावली. २००० मध्ये मोठ्या क्लबांनी स्वतंत्र कंपनी काढली आणि फिबापासून फारकत घेतली. या वेळी एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. फिबा १९९६ पासून 'युरोलीग' हे नाव वापरत होती, परंतु त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी तिने केलेलीच नव्हती. नव्या कंपनीने ते नाव उचलले आणि फिबाला आपल्या स्पर्धेचे नाव 'सुप्रोलीग' असे ठेवावे लागले. २००१ मध्ये युरोपला दोन विजेते लाभले : एकीकडे बोलोन्याचा किंडर, दुसरीकडे माकाबी तेल अवीव. त्याच वर्षी तडजोड होऊन स्पर्धा पुन्हा एक झाली, पण ती क्लबांच्या कंपनीच्या हाती राहिली. बेचाळीस वर्षे स्पर्धा चालविणाऱ्या महासंघाच्या हातून ती गेली, आणि नावही गेले.

पुढचा टप्पा परवान्यांचा होय. २००९ पासून मैदानावरील यशाबरोबर दूरचित्रवाणीचे उत्पन्न व प्रेक्षकसंख्या यांनाही प्रवेशासाठी वजन मिळाले. २०१६-१७ मध्ये संघांची संख्या सोळा करण्यात आली, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळण्याची पद्धत आली आणि सोळांपैकी अकरा जागा दीर्घ मुदतीच्या परवान्यांनी बांधल्या गेल्या. फिबाने त्याच वर्षी आपली वेगळी चॅम्पियन्स लीग सुरू केली.

परवान्यांच्या बाजूनेही सबळ युक्तिवाद आहे, आणि तो नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही. १९८९ मध्ये द्राझेन पेत्रोविच, व्लादे दिवाच, शारुनास मार्चुल्योनिस प्रभृती खेळाडू अमेरिकेच्या एन. बी. ए.मध्ये गेले, तेव्हापासून युरोपीय क्लबांना आपले उत्तम खेळाडू टिकविण्यासाठी मोठा खर्च करणे भाग पडले. एका वर्षीच्या अपयशाने प्रवेश जाणार असेल तर सभागृहे बांधणे व दीर्घ करार करणे कठीण होते. स्थैर्याची गरज खोटी नव्हती. पण कायम म्हणविणारी जागाही कायम नसते, हे २०२२ ने दाखविले : युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारीच्या अखेरीस रशियन क्लबांना निलंबित करण्यात आले, आणि अकरा परवानाधारकांपैकी एक असलेला, आठ अजिंक्यपदांचा मानकरी सी. एस. के. ए. स्पर्धेबाहेर गेला.

२०२५-२६ मध्ये संघ वीस झाले व नियमित फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला अडतीस सामने आले. या हंगामात दोन्ही तत्त्वे शेजारी शेजारी उभी होती. हापोएल तेल अवीव हा संघ २०२५ चा युरोकप जिंकून आला. दुबईचा संघ कोणत्याही देशाचे अजिंक्यपद न मिळविता परवान्यावर आला. वीसांपैकी चार क्लब स्पेनचे होते. १९५८ च्या अंतिम फेरीतील दोन देशांपैकी लाटव्हिया वा बल्गेरिया यांचा एकही नव्हता. युद्धामुळे स्वगृही खेळू न शकणाऱ्या हापोएलचे 'घरचे' सामने मात्र सोफियात भरविण्यात आले. एकेकाळी आपला संघ अंतिम फेरीत पाठविणारे शहर आता दुसऱ्याच्या संघाचे यजमान झाले होते.

मार्च २०२५ मध्ये एन. बी. ए. व फिबा यांनी युरोपात नवी लीग स्थापण्याचा विचार संयुक्तपणे जाहीर केला. त्या योजनेत काही जागा कायम ठेवून उरलेल्या गुणवत्तेवर देण्याची कल्पना आहे. १९५८ मध्ये ज्या महासंघाने वार्षिक पात्रतेचा नियम घातला, त्यानेच आता कायम जागांना मान्यता द्यावी, यावरून वादाची भूमी किती सरकली आहे हे कळते. कायम जागा असाव्यात की नसाव्यात हा वाद जवळजवळ मिटला आहे. उरला आहे तो मोकळ्या जागांच्या संख्येचा व त्या कोणत्या कसोटीने भरावयाच्या याचा. येत्या हंगामांचे मूल्यमापन करताना कोण जिंकले याबरोबरच, रिगा, तिबिलिसी वा सोफिया येथील एखाद्या क्लबाला आपल्या देशाचे अजिंक्यपद मिळविल्यावर या स्पर्धेचे दार ठोठावता येते काय, हेही अभ्यासकाने तपासावे. १९५८ मध्ये त्याचे उत्तर होकारार्थी होते.