ओतूरचं पत्र आणि जंतूचं आवरण

२० एप्रिल १८७७ला सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना एक पत्र लिहिलं, ते आपल्या ओतूरहून. जुन्नर भागातला दुष्काळ आणि सत्यशोधकांनी चालवलेलं मदतकार्य, याचा वृत्तान्त त्यात आहे. जुन्नर-आंबेगावकडच्या बऱ्याच जणांना हे पत्र ठाऊक असतं. पण पुढे वीस वर्षांनी ज्या जंतूने सावित्रीबाईंचा जीव घेतला, त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. म्हणून हा उद्योग.

१८९६ साली मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. लाखो लोकांनी शहर सोडलं. पोटापाण्यासाठी मुंबई गाठलेली आपल्याकडची माणसंही गावाकडे परतली असणारच. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं, ही त्या काळची रीत. पुण्याजवळ सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रुग्णांची सेवा करत होते. मुंढव्याच्या एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, आणि १० मार्च १८९७ला त्या स्वतःच प्लेगने गेल्या.

त्याच्या बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली नवी प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली होती. मांसाच्या रश्श्यात वर तुपाचे थेंब सोडून जंतू वाढवायचे, तापवून मारायचे, आणि तेच टोचायचे. लस बऱ्यापैकी लागू पडे, पण जोराचा ताप आणी. आणि त्या रश्श्यातलं नेमकं काय माणसाला वाचवतं, हे खुद्द हाफकिननाही सांगता येत नव्हतं. सुईत काय आहे असं लोक विचारत, तर त्यात चूक काय होती?

उत्तर जंतूच्या आवरणात होतं. प्लेगच्या जंतूला एकात एक अशी दोन पातळ पटलं असतात. आपल्या रक्तातली प्रतिपिंडं जंतूच्या पोटात शिरू शकत नाहीत. जे बाहेर दिसतं तेच पकडतात. म्हणून पटलातली आणि पटलाबाहेरची प्रथिनं ओळखणं महत्त्वाचं. 'एफ-वन' हे त्यातलं मुख्य निघालं. बाहेरच्या पटलात दारासारखं एक प्रथिन आहे. त्यातून एफ-वनचे धागे बाहेर पडतात आणि जंतूभोवती गोधडीसारखे लपेटले जातात.

२००१ साली या जंतूचा सगळा जीनोम वाचून झाला. सुमारे चार हजार जनुकं! त्यातली पटलातली कुठली? आतल्या पटलातली प्रथिनं त्यातल्या त्यात सोपी: सलग वीसेक अमिनो आम्लं पाण्याला टाळणारी दिसली की संशय घ्यायचा. बाहेरच्या पटलातली पिंपाच्या आकाराची; तिथे असं एक सोडून एक येतं, त्यामुळे ती सहज हाती लागत नाहीत.

आणि प्रतिपिंड प्रथिनाचा कुठला तुकडा पकडेल? त्यासाठीची एक पद्धत आपल्या पुण्यातली. १९९० साली पुणे विद्यापीठातल्या अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर यांनी प्रयोगातून माहीत झालेले असे तुकडे गोळा केले, त्यात कुठलं अमिनो आम्ल किती वेळा येतं ते मोजलं, आणि त्यावरून अंदाज बांधायची रीत दिली. सुमारे ७५ टक्के अचूक, असं त्यांनी लिहिलं. २००५ साली अशा पद्धती मोठ्या प्रमाणावर तपासल्या गेल्या, तेव्हा त्या बऱ्याच तोकड्या ठरल्या. कारण प्रथिन घडी घालून बसतं आणि लांबलांबचे तुकडे शेजारी येतात. तरीही लस शोधणारे आजही पहिली चाळणी म्हणून ही पद्धत वापरतात. खरं-खोटं शेवटी प्रयोगशाळेतच ठरतं.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर १९९४ साली बीड जिल्ह्यात प्लेग पुन्हा दिसलाच.

असो. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. नाव देताना कुणाच्या मनात प्लेग असेल असं वाटत नाही. पण प्लेगच्या पोराला पाठीवर आणणाऱ्या बाईचं नाव, जंतूला कुठे पकडायचं हे शोधणाऱ्या विद्यापीठाला मिळालं, हे मला तरी योग्यच वाटतं.