कागदी म्हणून काय झाले?

मराठीत ‘कागदी’ हा शब्द जवळजवळ शिवीच आहे. कागदी योजना, कागदी घोडे, कागदी वाघ! एक कागदी लिंबू तेवढे या बदनामीतून सुटले आहे. कागदी फुलांना तर कोणी दारात उभे करत नाही. १९५९ साली गुरुदत्तने ‘कागज के फूल’ काढला. सिनेमास्कोपमधला तो पहिला भारतीय चित्रपट तेव्हा साफ आपटला, आणि फुलांच्या अपयशात आणखी एक भर पडली.

माझे मत उलटे आहे. ज्याने कागदाचे फूल खऱ्यासारखे करून पाहिले, त्यालाच खरे फूल ठाऊक. रोज पूजेला (बहुधा शेजाऱ्याच्या कुंपणावरची) जास्वंद तोडणाऱ्याला पाकळ्या किती ते विचारून पाहा!

इंग्लंडातल्या मेरी डिलेनीबाईंना १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, लाल कागदाचा तुकडा आणि जिरेनियमची पाकळी हुबेहूब एका रंगाची दिसली. त्यांनी कात्री घेतली आणि फूल कातरले. मैत्रीण, पोर्टलंडची डचेस, खोलीत आली. तिला ते खरेच वाटले. मग बाई सुटल्याच. दहा वर्षांत ९८५ फुलचित्रे! काळ्या कागदावर रंगीत कागदाच्या बारीक चिरट्या चिकटवलेल्या. १७८२ च्या सुमारास नजर गेली तेव्हाच कात्री खाली ठेवली. ती चित्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्याकडे या वयात बाईच्या हाती कात्री दिसली, तर सून ती आधी काढून घेते.

मला मात्र ही विद्या कळली ती फुलचूरच्या मावशीमुळे. गोंदियाला खेटून असलेले हे गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा झाला १९९९ साली. गावाच्या नावात फूल आहे आणि पाठोपाठ चुराही, याची लहानपणी मला गंमत वाटे. धान घरात आले की मावशीचा कारखाना सुरू. उन्हाळ्यात पंखा लावावा तर पाकळ्या उडतात, न लावावा तर घामाने क्रेपचा रंग बोटांना लागतो. पावसाळ्यात मैद्याची खळ वाळत नाही. तेव्हा थंडीच बरी. खळीला मावशी तिकडच्या बोलीत ‘खर’ म्हणे. खोट्या फुलात तेवढेच काय ते खर!

क्रेपच्या सुरकुत्या पाकळीच्या उभ्या अंगाने घ्यायच्या आणि दोन्ही अंगठ्यांनी मध्ये हलकेच ताणायचे, की सपाट तुकड्याची वाटी होते. झाली गुलाबाची पाकळी. शेवंतीला कातरलेली झालर गुंडाळली की पुरे. मग तार, हिरवी पट्टी आणि दोरा. शेजारच्या विड्या वळणाऱ्या बायका तेंदूपानावर ज्या सफाईने दोरा गुंडाळत, ती सफाई मावशीने उचलली होती. मदतीला बसणाऱ्या प्रत्येकाला ती विचारी, “तुले डोरे हायेत का बटना? पयले फूल पाय!”

एका माघात आजीने अंथरूण धरले. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हते, आणि हट्ट काय, तर पळसाचे फूल हवे. पळस फुलतो शिमग्याला. तोवर आजी थांबेल असे डॉक्टरांनाही वाटत नव्हते. मावशी कात्री घेऊन बसली. समोर नमुना नाही, सगळे आठवणीतून. एक मोठी पाकळी, दोन पंख आणि पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली जोडपाकळी. म्हणून तर संस्कृतात किंशुक, ‘हा पोपट की काय?’ (पळसाचे शास्त्रीय नाव ‘ब्यूटिया’ तिसऱ्या जॉर्जच्या एका पंतप्रधानावरून, लॉर्ड ब्यूटवरून पडले. डिलेनीबाईंना म्हातारपणी विंडसरला घर देणारा राजा तोच. जग लहान आहे.)

आजीने फांदीवरून बोटे फिरवली. चोच चाचपली, मान डोलावली. देठाशी बोट थांबले.

“याची कारी टोपी कोठं हाय?”

खरेच की! पळसाच्या फुलाखाली काळसर मखमली टोपण असते. मावशीने शब्द न बोलता स्वतःच्या काळ्या मखमली पोलक्याची बाही कापली.

शिमग्याला खरी फांदी आली तेव्हा आजी उठून बसली होती. दोन्ही फांद्या तिने उशाशी ठेवून घेतल्या. दोन दिवसांत खरी फुले गळाली. आजीने ती चाचपून पाहिली आणि मावशीला म्हणाली, “याले खर बराबर नाई लागली वाटते.”